‘कॉल ऑफ द व्हॅली’ : रीमास्टर आवृत्तीच्या निमित्ताने एक पुनर्विचार

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रिका ही विसाव्या शतकातील भारतीय संगीतव्यवहाराची एक महत्त्वाची देणगी आहे. असे असूनही मराठी संगीतसमीक्षेने ध्वनिमुद्रिकेकडे स्वतंत्र कलाकृती म्हणून क्वचितच पाहिले. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथापासून मराठीत जी समृद्ध समीक्षापरंपरा उभी राहिली, तिचे केंद्र मैफल हे होते, आणि मैफलीतही प्रामुख्याने कंठसंगीत होते. ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीची साठवण, गैरहजर कलावंताची आठवण, अशी एक धारणा त्यातून रूढ झाली. या धारणेची मर्यादा लक्षात आणून देणारी एक ध्वनिमुद्रिका 1967 साली मुंबईत तयार झाली. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काब्रा (गिटार) यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ती ध्वनिमुद्रिका होय. 1995 साली ती संगणकीय संस्कार करून, म्हणजे रीमास्टर स्वरूपात, कॉम्पॅक्ट डिस्कवर पुन्हा प्रकाशित झाली.

जुन्या ध्वनिमुद्रिका नव्या रूपात आल्या की त्यांची चर्चा बहुधा ‘आवाज किती स्वच्छ झाला’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात त्यापलीकडचा एक प्रश्न विचारात घेतला आहे. रीमास्टर आवृत्तीने मूळ कृतीचा आवाज जपला. परंतु तिची आकृती जपली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याच काळातील पाश्चात्त्य प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताचा तौलनिक संदर्भही घेतला आहे.

कृतीची जडणघडण :

या ध्वनिमुद्रिकेची संकल्पना साधी आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, केवळ वाद्यांच्या साहाय्याने उभा करावयाचा. त्यासाठी पाच भागांची योजना केलेली दिसते. प्रथम अहिर भैरव व त्यातून निघणारा नट भैरव, नंतर पिलू, पुढे झपतालातील भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. सुमारे चाळीस मिनिटांचा हा ऐवज लाँग प्ले रेकॉर्डच्या दोन बाजूंत बसतो. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची आहे.

या कृतीच्या निर्मितीमागे एक मराठी नाव आहे, ते जी. एन. जोशी यांचे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताचा पाया घालणारे गायक म्हणून जोशी महाराष्ट्राला परिचित आहेत. पुढे एचएमव्ही कंपनीत त्यांनी दीर्घकाळ ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. भावगीताचा हा वारसा येथे महत्त्वाचा ठरतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवकाशात एक भाव, एक प्रसंग, एक वातावरण पूर्ण करावे लागे. भावगीत हा प्रकार काही अंशी तबकडीच्या या बंधनातूनच घडला. लाँग प्ले रेकॉर्ड आल्यावर हे बंधन सैल झाले. बहुतेक वादकांनी मिळालेला वेळ एखाद्या रागाच्या विस्तारासाठी वापरला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये मात्र तो वेळ पाच छोट्या, आटोपशीर चित्रांच्या मालिकेसाठी वापरला आहे. विस्तारापेक्षा रचनेला महत्त्व देण्याची ही दृष्टी मैफलीपेक्षा भावगीताच्या अधिक जवळची आहे, असे म्हणता येईल.

वादकांच्या निवडीतही धाडस होते. त्या वेळी तिघेही तिशीच्या आतले किंवा तिशीच्या उंबरठ्यावरचे होते. संतूर हे काश्मीरमधील सूफियाना संगीताचे वाद्य. शास्त्रीय संगीताच्या मंचावर ते नवखे होते. त्यावर काठ्यांनी आघात होत असल्याने स्वर तुटक निघतो आणि मींड सहजासहजी घेता येत नाही, हा आक्षेप तेव्हा घेतला जाई. गिटार तर परदेशी. काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन, तारांवर धातूची पट्टी सरकवत, मींडेचे काम तिच्याकडून करून घेतले. बासरी मात्र लोकजीवनातील, गुराख्याच्या हातची. अशी ही तीन वाद्ये एकत्र आणण्यामागे ध्वनिगुणांचा विचार दिसतो. संतूर ठिपके देते, गिटार रेषा ओढते आणि बासरी हवा भरते. एकाची उणीव दुसरे वाद्य भरून काढते.

रागांचे घड्याळ :

भारतीय रागसंगीतातील समयसिद्धान्त या कृतीचा कणा आहे. मात्र तो येथे यांत्रिकपणे वापरलेला नाही. पहिल्याच भागातील संक्रमण पाहण्यासारखे आहे. अहिर भैरवात ऋषभ आणि निषाद कोमल, धैवत शुद्ध. नट भैरवात याच्या उलट. ऋषभ आणि निषाद शुद्ध होतात आणि धैवत कोमल होतो. म्हणजे एका रागातून दुसऱ्यात जाताना तीन स्वर जागा बदलतात. कोमल ऋषभाचा पहाटेचा गारवा जाऊन त्या जागी शुद्ध ऋषभ येतो, तेव्हा उजाडल्याची जाणीव होते. पण त्याच वेळी धैवत कोमल झाल्याने सकाळ पूर्णपणे लख्खही होत नाही. ‘सूर्य उगवला’ हे विधान येथे शब्दांवाचून, केवळ स्वरांतराच्या बदलाने केले जाते.

पिलू हा ठुमरीअंगाचा, दिवसाच्या तिसऱ्या प्रहराशी जोडला जाणारा राग. भूप रात्रीच्या प्रथम प्रहराचा, पाच स्वरांचा, सरळ. दोन-तीन-दोन-तीन अशा मात्राविभागाचा झपताल त्याला किंचित हेलकावा देतो. देस रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा. त्यातील दोन निषादांचा खेळ श्रोत्याच्या परिचयाचा. येथपर्यंत घड्याळ बरोबर चालते. शेवटच्या पहाडीपाशी मात्र ते थांबते, कारण पहाडी काटेकोर प्रहराशी बांधलेला नाही. तो कधीही गावा-वाजवावा असा, धुनेच्या अंगाने फुलणारा. त्याचे नावच स्थळाचे आहे. अर्थात दिवस संपतो तेव्हा काळाचे बंधन सुटते आणि डोंगर उरतो. ज्या खोऱ्याची हाक शीर्षकात आहे ते खोरे नादरूपाने खऱ्या अर्थाने अखेरच्या भागातच प्रकट होते. ही रचना अपघाताने साधलेली नाही, आणि म्हणूनच पहाडीनंतर काय ऐकू यावे, हा प्रश्न गौण ठरत नाही.

समांतर उदाहरण : प्रोग्रेसिव्ह रॉक :

1967 हे वर्ष पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातही वळणाचे होते. सुट्या गाण्यांचा संग्रह या पूर्वीच्या स्वरूपातून बाहेर पडून लाँग प्ले रेकॉर्ड ही एकसंध कृती मानली जाऊ लागली. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम याच वर्षीचा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील मूडी ब्लूज या वाद्यवृंदाचा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ हा अल्बम डेराम कंपनीने प्रकाशित केला. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आरंभीच्या कृतींत त्याची गणना होते. आश्चर्याची बाब अशी की त्याचाही विषय एक दिवस हाच आहे. पहाट, सकाळ, दुपारची सुट्टी, अपराह्न, सायंकाळ आणि रात्र अशा क्रमाने गाणी येतात आणि पीटर नाइट यांच्या संचालनाखालील वाद्यवृंदाचे तुकडे त्यांना जोडतात.

मुंबई आणि लंडन येथे एकाच वर्षी, परस्परांचा संबंध नसताना, दोन कंपन्यांच्या स्टुडिओत ‘एक दिवस’ ध्वनिमुद्रित व्हावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. लाँग प्ले रेकॉर्डची चाळीस मिनिटे हा अवकाश रागाच्या वा नृत्याच्या कोणत्याही परंपरेने दिलेला नव्हता. तो यंत्राने दिला होता. या नव्या अवकाशाला आरंभ, मध्य आणि शेवट कसा द्यावा, या प्रश्नाचे सर्वांत नैसर्गिक उत्तर म्हणजे दिवस. फरक एवढाच की लंडनच्या संगीतकारांना काळाचे सूचन करण्यासाठी शब्दांचा आधार घ्यावा लागला. मुंबईच्या वादकांपाशी समयसिद्धान्त आधीपासूनच होता.

या दोन कृतींचा पुढील प्रवासही बोधप्रद आहे. मूडी ब्लूजच्या अल्बमच्या मूळ स्टिरिओ फिती खराब झाल्यामुळे 1978 साली त्याचे नव्याने मिश्रण करण्यात आले आणि पुढील अनेक वर्षे श्रोत्यांनी हेच दुसरे मिश्रण मूळ समजून ऐकले. मूळ मिश्रण पुन्हा उपलब्ध झाले ते 2017 च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत. किंग क्रिम्सन या वाद्यवृंदाच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ (1969) या अल्बमचे 2009 साली रॉबर्ट फ्रिप आणि स्टीव्हन विल्सन यांनी पुनर्मिश्रण केले, तेव्हा ‘मूनचाइल्ड’ या भागातील उत्स्फूर्त वादनाची सुमारे तीन मिनिटे वगळण्यात आली. ज्याची ती कृती, त्यानेच चाळीस वर्षांनी तिला कात्री लावली. ही कात्री योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतात. पण त्या सर्व मतभेदांमागे एक गृहीत समान असते. अल्बम ही कृती आहे, तिला आकृती आहे, आणि त्या आकृतीत केलेला बदल समर्थनीय असावा लागतो.

रीमास्टर म्हणजे काय :

या ठिकाणी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुनर्मिश्रण, म्हणजेच रीमिक्स, करताना वाद्यांच्या स्वतंत्र मार्गिकांपर्यंत मागे जाऊन त्यांचे परस्परप्रमाण नव्याने ठरविले जाते. रीमास्टरमध्ये तसे होत नाही. तयार मिश्रणाची फीत घेऊन तिच्यातील खरखर कमी करणे, उच्च व निम्न कंपनांचा तोल सावरणे, आवाजाची एकूण पातळी निश्चित करणे एवढेच काम अपेक्षित असते. जुन्या चित्रावरील धूळ पुसण्याशी त्याची तुलना केली जाते. परंतु धूळ कोठे संपते आणि रंग कोठे सुरू होतो, हे ठरविणे सोपे नसते.

संतूरच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. संतूरला शंभराच्या आसपास तारा असतात. आघात झाल्यावर मूळ स्वर विरत जातो आणि त्याच्या शेपटाला इतर तारांचा बारीक अनुनाद चिकटून राहतो. हा अनुनाद उच्च कंपनांत असतो आणि फितीची खरखरही तेथेच असते. खरखर काढण्याच्या प्रयत्नात अनुनाद कापला गेला तर स्वर स्वच्छ होतो, पण कोरडा होतो. बासरीतील फुंकरीचा आवाज आणि गिटारच्या तारेवर पट्टी सरकताना होणारी घासण यांनाही हाच न्याय लागू पडतो. यंत्राच्या दृष्टीने हे दोष. श्रोत्याच्या दृष्टीने ही वादकाच्या देहाची खूण.

दुसरी अडचण पातळीची. 1990 नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिका अधिकाधिक मोठ्या आवाजात ऐकू याव्यात यासाठी हळू आणि मोठा यांतील अंतर कमी करण्याची चढाओढ सुरू झाली. रॉक संगीताच्या अनेक पुनरावृत्तींची त्यात हानी झाली. ज्या संगीतात आलापीचा पहिला स्वर शांततेतून उगवावा अशी अपेक्षा असते, तेथे ही शांतता टिकविणे हेच रीमास्टर करणाऱ्याचे खरे कौशल्य. ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या डिस्कवर अहिर भैरवाचा आरंभ ऐकताना ही शांतता बऱ्याच अंशी टिकून असल्याचे जाणवते. रेकॉर्डच्या सुईची चरचर गेली आहे. वाद्यांतील मोकळी जागा कायम आहे. आवाजाच्या कसोटीवर ही आवृत्ती उणी ठरत नाही.

आकृतीचा प्रश्न :

अडचण उद्भवते ती पहाडी संपल्यानंतर. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सत्तर मिनिटांहून अधिक काळ मावतो. चाळीस मिनिटांच्या मूळ कृतीनंतर बरीच जागा शिल्लक राहते. 1995 च्या आवृत्तीत ती आणखी तीन रचनांनी भरली आहे. गारा दादरा, मिश्र किरवाणीतील धून आणि बागेश्री. या रचना स्वतंत्रपणे ऐकण्याजोग्या आहेत यात शंका नाही. ग्राहकाला एकाच मूल्यात अधिक संगीत मिळाले, असाही युक्तिवाद करता येतो. परंतु मेंढपाळाचा दिवस मावळल्यावर, काळाचे बंधन सुटून डोंगर उरल्यावर, पुन्हा दादरा सुरू होतो आणि बागेश्रीच्या निमित्ताने पुन्हा रात्रीचा प्रहर मोजला जाऊ लागतो. कथा संपल्यावर कथेकऱ्याने उठून जावे, अशी आपली रीत आहे. येथे कथेकरी बसूनच राहतो.

ध्वनिमुद्रिका म्हणजे वादनाची साठवण असे मानले तर ही भर स्वागतार्ह ठरते. साठवण जितकी अधिक तितकी चांगली. ती कृती मानली तर हीच भर आकृतिभंग ठरते. म्हणजे रीमास्टरचा प्रश्न तांत्रिक नसून मुळात सौंदर्यशास्त्रीय आहे. एखाद्या कवितासंग्रहाच्या नव्या आवृत्तीत कवीच्या असंगृहित कविता समाविष्ट करावयाच्या झाल्यास संपादक त्या परिशिष्टात देतो आणि तसे नमूद करतो. वाङ्मयाच्या संपादनात जो विवेक गृहीत धरला जातो, तो ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीतही अपेक्षिणे गैर नाही. मूळ कृतीनंतर दीर्घ विराम, किंवा स्वतंत्र दुसरी डिस्क, एवढ्या साध्या उपायानेही हा भंग टाळता आला असता.

याहून मोठा भंग पुढे झाला. आता बहुतेक श्रोते हे संगीत मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी ऐकतात. क्रम श्रोत्याच्या किंवा यंत्राच्या मर्जीवर असतो. देस आधी आणि अहिर भैरव नंतर ऐकू आला तरी कोणाला वावगे वाटत नाही. रेकॉर्ड उलटण्यासाठी श्रोत्याला उठावे लागे, तेव्हा त्या दिवसाचा अर्धा भाग संपल्याचे त्याच्या शरीरालाही कळत असे. हा अनुभव इतिहासजमा झाला आहे.

किनाऱ्यावरून ऐकताना :

स्थळाचा प्रश्न येथे वेगळ्या प्रकारे उपस्थित होतो. काश्मीरचे खोरे मुंबईच्या स्टुडिओत उभे राहिले. ते ऐकणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांनी काश्मीर पाहिलेले नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडसारख्या बंदरगावाचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. शास्त्री नदीच्या मुखाशी, किल्ला आणि दीपगृह यांच्या सान्निध्यात वसलेल्या या गावी मच्छीमाराचा दिवस सूर्यावर चालत नाही. तो भरती-ओहोटीवर चालतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज पहाटे निघणारी होडी आठवड्याने त्याच घटकेला निघेलच असे नाही. जो समयसिद्धान्त रागसंगीताने सार्वत्रिक मानला, तो प्रहरांत विभागलेल्या सूर्यदिनाचा आहे. मेंढपाळाला तो मानवतो; खलाशाला तो तसाच्या तसा लागू पडत नाही.

असे असूनही अशा गावातील श्रोत्याला हे संगीत परके वाटत नाही, याचे कारण काय? जयगडपासून फार दूर नसलेल्या मालगुंड येथे 1866 साली जन्मलेल्या केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ ही कविता येथे आठवणे स्वाभाविक आहे. रात्रीच्या वेळी खिन्न मनाने चाललेल्या माणसाला कोठून तरी सतार ऐकू येते आणि त्याच्या मनाची अवस्था पालटत जाते. वादक कोण, राग कोणता, याची चौकशी तो करीत नाही. त्याच्यावर परिणाम होतो तो सुरांच्या क्रमाचा. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणाऱ्या प्रवासाचा. मराठी कवितेने वादकाला न पाहता होणाऱ्या श्रवणाचे हे वर्णन ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचण्यापूर्वीच करून ठेवले आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा परिणामही याच जातीचा आहे. काश्मीर हे निमित्त. सुरांच्या क्रमाने घडविलेला मनाचा प्रवास ही खरी वस्तू. म्हणूनच हा क्रम मोडला की श्रोत्याच्या हाती केवळ गोड आवाज उरतो.

या मुद्द्याला व्यावहारिक बाजूही आहे. किनारपट्टीवरील लहान गावांत लाँग प्ले रेकॉर्ड आणि ती वाजविणारे यंत्र ही थोड्याच घरांची मिरास होती. आकाशवाणी हाच अनेकांचा आधार होता. आता मोबाइलमुळे तीच कृती महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती विनासायास येते. ही लोकशाहीकरणाची प्रक्रिया निश्चितच मोलाची आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याला ही कृती प्रथमच भेटते, त्याला ती कोणत्या क्रमाने ऐकावी आणि ती कोठे संपते, हे सांगणारे रेकॉर्डचे वेष्टन आता सोबत नसते. ते काम शिक्षकाला आणि समीक्षकाला करावे लागेल.

निष्कर्ष :

1. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मैफलीची साठवण नसून लाँग प्ले रेकॉर्डच्या अवकाशातून घडलेली स्वतंत्र कृती आहे. तिच्या रचनेत भावगीताच्या आटोपशीरपणाचा वारसा दिसून येतो.

2. समयसिद्धान्ताचा उपयोग येथे कथनासाठी केला आहे. अहिर भैरवातून नट भैरवात होणारे संक्रमण आणि पहाडीपाशी काळाच्या बंधनाचे सुटणे हे या कथनाचे दोन मुख्य बिंदू होत.

3. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आरंभकाळातील कृतींशी तिचे नाते अनुकरणाचे नसून समांतर आहे. दोहोंच्या मुळाशी एकच यांत्रिक माध्यम आहे.

4. रीमास्टर आवृत्तीने आवाजाचे जतन समाधानकारकपणे केले. परंतु पहाडीनंतर जोडलेल्या रचनांमुळे कृतीच्या आकृतीला बाधा आली.

शिवकुमार शर्मा यांचे 2022 साली आणि ब्रिजभूषण काब्रा यांचे 2018 साली निधन झाले. मूळ वादकांना विचारून खातरजमा करण्याची संधी जसजशी कमी होत जाते, तसतशी नव्या आवृत्ती काढणाऱ्यांची जबाबदारी वाढत जाते. जुन्या फितींतील खरखर काढण्याचे तंत्र आता सहज उपलब्ध आहे. कृती जेथे संपते तेथे थांबण्याचा विवेक मात्र तंत्राने मिळणारा नाही. तो ती कृती पूर्ण, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकूनच येऊ शकतो.